पोळ्यातली इंग्रजी शिवी

आई,

तुझ्या तोंडून मी आयुष्यात एकच खरी शिवी ऐकली, आणि तीही पोलीस ठाण्यात, ठाणेदारांसमोर, वर्गात स्पेलिंग सांगायचीस तशा आवाजात. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. तो एक शब्द मात्र लगेच ऐकू येतो. आणि खरं सांगायचं तर अलीकडे तो रोजच ऐकू येतो, कारण पुण्यातल्या माझ्या ऑफिसात तो आणि त्याची सगळी भावंडं दिवसभर मोकाट फिरत असतात. पंचविशीतली पोरंपोरी एकमेकांना हसत हसत 'बास्टर्ड' म्हणतात आणि गळ्यात हात टाकून चहा प्यायला जातात. वरचे साहेब मीटिंगमध्ये म्हणतात, तेव्हा सगळे आणखी जोरात हसतात. कोणाला काही वाटत नाही. पण परवा मी एका मुलाला प्रेमानं विचारलं, 'काय करून राहिला बे?' तर आजूबाजूच्या माना वळल्या. नंतर एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'तुमच्याकडे जरा रफच बोलतात, नाही?' आता बोल! मला हसू आलं आणि थोडा रागही आला. घरी येईपर्यंत राग गेला होता आणि तू आली होतीस.

मी आठवीत असेन. दर्यापूरच्या त्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर, ओट्याशी तू, परातीत ज्वारीचं पीठ, हात पिठानं पांढरे. गॅसचं सिलिंडर आणून देणारा माणूस सकाळी येतो म्हणाला होता आणि संध्याकाळ झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. टाकीत शेवटचा गॅस उरला होता. मी दाराशी उभी राहून अगदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या ढंगात त्याला बास्टर्ड म्हटलं. मोठी झाल्यासारखं वाटलं होतं मला. तुझा थापणारा हात थांबला.

'कोनाले म्हटलं?'

'गॅसवाल्याले.'

'अर्थ ठाऊक आहे?'

'वाईट मानूस.'

तू हात धुतलेस. तव्यावर भाकर फुगली, करपायला लागली, धूर झाला, तरी तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. शेवटच्या गॅसवरची भाकर करपू देणारी तू नव्हतीस, म्हणून मी घाबरले. मग तू मला त्या शब्दाचा अर्थ सांगितलास. अगदी उघड, काहीही न लपवता. ज्याच्या आईबापाचं लग्न झालेलं नाही, ज्याच्या बापाचं नाव घेता येत नाही, त्या लेकराला लावलेला तो शब्द. 'आता मले सांग, त्यात त्या लेकराचा काय गुन्हा? गॅसवाला उशिरा आला, त्याच्या आळसाले बोल, अकलेले बोल. जन्माले काहून बोलतं? जन्म कोनी मागून घेते का?' मी म्हणाले, सगळेच म्हणतात, इंग्रजीत चालतं. त्यावर तू जे बोललीस ते मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. 'आपल्या मानसाले जन्मावरून कमी बोलले का लोक? ते बंद कराले दोन पिढ्या गेल्या. अन तू ते इंग्रजीतून परत घरात आनून राहिली.' मग तू करपलेली भाकर काढलीस, त्या गॅसवाल्याला 'भैताड लेकाचा' म्हणालीस आणि नवी थापायला घेतलीस. भैताड म्हणजे बिनडोक; ते अकलेला होतं, जन्माला नव्हतं, पण मला तेव्हा तो फरक कळला नव्हता. दोन्ही शिव्याच की, असं वाटलं होतं.

तुझं बालपण अकोल्याकडच्या एका खेड्यात गेलं. तिथल्या शाळेत तुला काय काय म्हणायचे ते तू कधी सांगितलं नाहीस; मावशीनं सांगितलं, तेही अर्धवट. तू इंग्रजी घेतलंस ते हट्टानं. त्या भाषेत आपल्यासाठी आधीपासून ठेवलेला शब्द नाही म्हणून ती मला आवडली, असं एकदा विहारातून परतताना म्हणाली होतीस. म्हणूनच बहुतेक तो एक शब्द तुला इतका लागायचा. ज्या घरात आपण सुखानं राहायला गेलो, तिथंही कोपऱ्यात तीच घाण निघावी, तशातला प्रकार.

आणि मग नापिकीची, कर्जाची ती वर्षं आली. तू ज्या खेड्यातल्या शाळेत शिकवायचीस तिथं पांढऱ्या सरकारी गाड्या यायला लागल्या. कोणी पाहणी करायला यायचं, कोणी फोटो काढायला, कोणी नुसतंच. तुझ्या वर्गात दरवर्षी इंग्रजीचा निबंध असायचा, 'माय फादर'. एका वर्षी तू तो गुपचूप काढून टाकलास आणि 'माय व्हिलेज' घेतलास. कोणी विचारलं तर म्हणायचीस, तोच तोच निबंध तपासून कंटाळा आला. मी अमरावतीहून सुट्टीला आले होते आणि तुझ्या शेजारी बसून वह्या चाळत होते, म्हणून मला कळलं. वर्गातल्या कुठल्या पोरापोरींना 'माझे वडील' लिहिता येणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

त्याच गावातला तो जीपवाला. तुझा जुना विद्यार्थी, इंग्रजीत नापास होऊन थकलेला, पण तोंडानं असा की उभ्या गावाला हसवावं. दर्यापूर ते गाव अशी त्याची जीप चालायची, आणि तुझ्यासाठी पुढची सीट राखून ठेवलेली असायची. कोणी बसू लागलं तर तो म्हणायचा, 'उठ बे, मॅडमची जागा हाय, मले पुन्हा नापास करतीन.' पाहणीच्या दिवसांत त्यानं जीप भावाकडे दिली आणि एका साहेबांची सरकारी गाडी रोजंदारीवर चालवायला घेतली. काम चोख करायचा. पुढं सरकारी ड्रायव्हरच्या जागेसाठी त्याचं नावही लागलं. फक्त पोलिसांचा दाखला यायचा बाकी होता. त्याच्या घरात तेव्हा पगार म्हणून येईल असं दुसरं काही नव्हतं. त्याच्या वडिलांनी तुला शाळेत येऊन पेढा दिला होता, आणि तू तो अर्धा रुमालात बांधून माझ्यासाठी घरी आणला होतास.

पोळ्याच्या दिवशी मी तुझ्याबरोबर गावात आले होते. दुपार कलली होती. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली रंगवलेल्या शिंगांच्या जोड्या ओळीनं उभ्या, आणि तोरण तुटून पोळा फुटण्याआधी झडत्यांची धमाल चाललेली. आपल्याकडे झडती म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण पुण्याकडच्या लोकांना ते कळत नाही. एकानं चार ओळींची यमकं जुळवून कोणाची तरी बिनपाण्यानं करायची, बाकीच्यांनी महादेवाचा गजर करायचा. पाटील, सरपंच, सावकार, मास्तर, कोणाचीच सुटका नाही. झडतीत ज्याचं नाव आलं तो गावाचा झाला, असंच समजायचं. त्यात शिव्याही असतात, चांगल्या ठसठशीत. पोळ्यातलं पोळ्यात राहतं. त्या वर्षी त्या साहेबांना मुद्दाम बोलावून, नारळ देऊन खुर्चीवर बसवलं होतं. ते दूरच्या जिल्ह्यातले, नवीन. त्यांना वाटलं आपला सत्कार आहे. आणि आपला जीपवाला बैलांच्या मधून पुढं झाला, हात वर केला आणि गरजला:

'मूग सडला, उडीद काळा,
सायेब गाडीतून पाह्यते पोळा,
पिवळं कार्ड, केसरी कार्ड,
सायेब आमचा बास्टर्ड!'

गजर झाला, लोक लोटपोट हसले. बायकाही हसल्या, त्यांना यमक आवडलं. मीसुद्धा हसले असते, पण मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत नव्हतीस. आणि साहेब खुर्चीवरून उठून गाडीकडे चालले होते. तोरण तुटायच्या आधीच गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आपल्या दारात. साहेबांनी तक्रार दिली होती, सरकारी माणसाला भरगावात अश्लील शिवी दिली म्हणून. ठाणेदारांना इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कोणा जाणत्याकडून हवा होता, आणि तालुक्यात इंग्रजीच्या मॅडम म्हटलं की तूच. तू साडीला पिन लावलीस, मला म्हणालीस, 'चाल माह्यासंगं.' रिक्षानं आपण निघालो.

ठाण्यात साहेब खुर्चीवर बसले होते. जीपवाला भिंतीशी, मान खाली. त्याचे वडील दाराजवळ उकिडवे, बाकडं रिकामं असूनही. तू आधी त्यांना म्हणालीस, 'भाऊ, बसा ना बाकड्यावर.' ते बसले नाहीत. ठाणेदार मुळात भले होते. त्यांनी पोराला दरडावून विचारलं की असली घाण शिवी बायकांसमोर देताना लाज कशी वाटली नाही. त्यावर त्यानं जे उत्तर दिलं ते ऐकून तिथल्या शिपायालाही खोकल्याचं नाटक करावं लागलं.

'जी, बायका होत्या म्हूनच तं इंग्रजीत देल्ली. आपल्यातली देल्ली असती तं मायबहिनीवर गेली असती. हे आपली साफसुथरी वाटली मले.'

ठाणेदारांनी मग तुला जरा बाजूला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, 'मॅडम, पोरगं चांगलं आहे, त्याच्या नोकरीचा दाखला माझ्याच टेबलावर आहे. तुम्ही एवढंच सांगा की या शब्दाचा अर्थ वाईट माणूस. मी तसं लिहितो. म्हातारा साहेबांच्या पाया पडेल, विषय संपेल. जास्त काही निघालं तर मला गुन्हा घ्यावा लागेल.' किती सोपं होतं, आई. एक शब्द. आठवीतल्या पोरीनं स्वयंपाकघराच्या दाराशी दिलेला अर्थ. तू मान हलवलीसही बहुतेक. ठाणेदारांनी साहेबांना विचारलं, माफी चालेल का. साहेब म्हणाले, 'हं, माफी मागू द्या.' म्हातारे उठले, खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला, साहेबांच्या पायाकडे वाकायला गेले आणि मध्येच थांबले. तुझ्याकडे वळले.

'मॅडम, पोरानं चुकलं असंन तं मी पाया पडतो, मले त्याची लाज नाई. पन कशाची माफी मांगून राहिलो हे तं कळू द्या. काय म्हटलं त्यानं?'

तू उभी राहिलीस. सगळ्यांच्या देखत तो शब्द उच्चारलास. मग त्याचा अर्थ, जसा मला सांगितला होतास तसाच, मराठीत, एकही काना न वगळता. बापाचं नाव नसलेला. आईला लावलेला बट्टा. जन्मावरून दिलेली शिवी. ठाणेदार टेबलाकडे पाहत राहिले. त्यांनी पेन उचललं. साहेब म्हणाले, 'ऐकलंत ना? लिहा.' मला वाटलं, झालं. गेली नोकरी. तुझ्यामुळं गेली.

तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला. त्याचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. सगळी गंमत त्यातून निघून गेली होती.

'सायेब, तुमी तं मले रोज हेच म्हनत होते.'

ठाणेदारांचं पेन थांबलं. तो पुढं म्हणाला, 'गाडी काढाले उशीर झाला की म्हनत होते. डबा आनला तरी म्हनत होते, हासून. मले वाटलं मोठ्या लोकाईत लाडानं म्हनतेत. म्हून तं मी झडतीत घेतला तो शब्द. तुमाले ओळखीचा वाटंन म्हून.'

म्हाताऱ्यांनी हातातला दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं. साहेबांचा चेहरा उतरला. 'ते बोलण्यात येतं हो,' ते म्हणाले. 'इंग्रजीत त्याला तेवढा अर्थ नसतो.' आणि हे बोलल्यावर स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखे दचकले. ठाणेदारांनी हळूच विचारलं, 'मंग साहेब, तक्रारीत काय लिहू?' साहेब म्हणाले, राहू द्या. ते उठले, म्हाताऱ्यांजवळ जाऊन उभे राहिले.  शेवटी विचारलं, 'मूग किती गेला?' म्हातारे म्हणाले, 'समदाच.' साहेबांनी मान हलवली आणि गेले. पुढं त्यांची बदली होईपर्यंत ते त्या गावात गाडीतून उतरून वावरात जायचे, असं तूच मला फोनवर सांगितलं होतंस. माणूस वाईट नव्हता तो. त्याला कोणी अर्थ सांगितला नव्हता, एवढंच.

बाहेर आल्यावर तू त्या जीपवाल्याला असं झाडलंस की रस्त्यावरचा फळवाला टोपली सोडून बघत राहिला. 'भैताड्या, ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाई तो तोंडात घालतं? चार वर्षं काय शिकवलं मी तुले?' तो डोळे पुसत पुसत हसत होता. 'मॅडम, हा शब्द तुमी शिकवलाच नोता. मंग पुढच्या पोळ्याले सायेबाले काय म्हनू?' तू म्हणालीस, 'बह्याड म्हन, येडा म्हन. मराठीत म्हन. बायका आयकतीन तं आयकू दे.' त्याच्या वडिलांनी तुला हात जोडले. तू त्यांचे हात खाली केलेस.

त्याला नोकरी लागली, हे तुला माहीतच आहे. तुला माहीत नाही ते सांगते. अकोल्याच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं त्या दिवशी तो आला होता, सुट्टी टाकून. बायका रडत होत्या, तो अंगणात खुर्च्या मांडत होता. मला म्हणाला, 'ताई, नोकरीत रुजू झालो त्या दिवशी नव्या सायेबाले सांगून टाकलं. गाडी जोरात चालवा म्हना, हळू चालवा म्हना, माह्या नावानं बोलवा. त्या इंग्रजी शब्दानं नोका बोलवू. मले त्याचा अर्थ मॅडमनं सांगून ठेवला आहे.' मी विचारलं, मग? 'मंग काय, नावानं बोलावते.' आणि पुन्हा खुर्च्या मांडायला लागला.

ही सगळी हकिकत मी पुण्यात पुष्कळ वेळा सांगितली आहे. ऑफिसात कोणी तो शब्द फारच सैल सोडला की सांगते, लोकांना आवडते. पण मी सांगते त्या गोष्टीत तुला सगळं आधीपासून माहीत असतं. साहेब त्या पोराला काय म्हणतात हे तुला ठाऊक असतं, तू ठरवून डाव टाकतेस, साहेब बरोबर त्यात सापडतात. लोक म्हणतात, काय जबरदस्त बाई! गोष्ट अशी रंगते म्हणून मी ती अशी सांगते. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, कोणी वाचणार नाही, तेव्हा इथं तरी खरं लिहायला हरकत नाही. तुला काहीही माहीत नव्हतं. तुला वाटत होतं की आता तुझ्या तोंडानं त्या पोराची नोकरी जाणार, आणि तरीही एका म्हाताऱ्या माणसानं न कळता कोणाच्या पाया पडू नये, एवढ्यासाठी तू उभी राहिलीस. उठण्याआधी तू माझा हात धरला होतास. तुझा हात गार पडला होता. मी तो घट्ट दाबला, आई, तू बोलू नयेस म्हणून. खोटं सांग, एवढ्या एका वेळी खोटं सांग, असं मी त्या हातानं तुला सांगत होते. तू माझ्याकडे पाहिलंस, मान डोलावलीस आणि उठलीस. रिक्षात बसल्यावर पदरानं चेहरा पुसत मला म्हणालीस, 'तू हात दाबला म्हून बोलता आलं मले.'

मी 'हो' म्हणाले.